एक एकर, पाणी आणि पहिली चार वर्षे

गावातल्या बेकार पोरांना शेतीला लावून भूक हटणार नाही, असे म्हणणाऱ्यांची सगळी भिस्त सरकारी गोदामांवर असते. धान्य पडून आहे, रेशनवर मिळते आहे, मग आणखी शेतकरी कशाला? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य दिले, हे मोठेच काम झाले. पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यातले मूल नुसत्या भातावर अंग धरत नाही. त्याला डाळ, पालेभाजी, अंडे लागते आणि ते विकत घ्यायला घरात पैसा नसतो. धान्य असूनही ते मिळवण्याची ऐपत नसल्याने माणसे उपाशी मरतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ सालीच दाखवून दिले होते. १९९२-९३मध्ये जव्हारजवळच्या वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा देशात दुष्काळ नव्हता.

दुसरा आक्षेप, तुकड्याची शेती परवडत नाही. कोरडवाहू नागली-वरईपुरता तो खरा आहे. पण त्याच एकराला उन्हाळ्यापर्यंत पाणी मिळाले, तर हिशेब पार बदलतो. मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने १९८२पासून दक्षिण गुजरातेत, वांसद्याच्या आदिवासी भागात, एकेक एकराच्या वाड्या उभ्या केल्या. पुढे ही पद्धत जव्हारकडेही आली. आंबा-काजूची कलमे, दोन कलमांमधल्या मोकळ्या जागेत वांगी, वाल, मिरची. कलमे फळाला येईपर्यंत घरचे कालवण त्या मधल्या ओळींतून निघते, उरलेले बाजारात जाते. जव्हार-विक्रमगडकडे मोगराही लावतात. पहाटे तोडलेली कळी दादरला पोहोचते आणि रोख पैसा घरी येतो.

उरला तिसरा आक्षेप. तो सर्रास केला जातो आणि मला सर्वांत अन्यायाचा वाटतो: पोरांनाच शेती नको. त्यांना आईबापांची शेती नको, हे कबूल. चार महिने चिखलात राबायचे आणि दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जायचे, असली शेती कोणाला हवी असेल? शिवाय पोराच्या नावावर असते काय? सातबारा आजोबांच्या नावाचा, वनपट्टा बापाच्या. बँक दारात उभे करत नाही, पंपाचा अर्ज पुढे सरकत नाही. हात बांधून ठेवायचे आणि वर आळशी म्हणायचे, हा कुठला न्याय?

म्हणून मागणी नेमकी आहे. कसणाऱ्या तरुणाचे, तरुणीचेही, नाव कागदावर लावा. वाडीआधी पाण्याची सोय करा, कारण इथे धो धो पाऊस पडूनही फेब्रुवारीत हंडे घेऊन फिरावे लागते. आणि कलमे धरेपर्यंतची चार वर्षे घर चालेल एवढी मजुरी द्या. खड्डे खणणे, कुंपण, झाडांना पाणी घालणे ही रोजगार हमीतली कामे आहेत. फळबाग लागवड १९९०पासूनच राज्यात त्या योजनेला जोडलेली आहे. मजुरी मात्र रखडते, आणि रखडली की पोरगा वाडी सोडून भट्टी गाठतो, मागे कलमे वाळतात. ती मजुरी दर आठवड्याला, आणि दिवाळीआधीची सगळी थकबाकी दिवाळीआधीच, त्याच्या हातात पडली पाहिजे.