विश्लेषण : पेजर का संपला आणि मावळाला त्याचे काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये हजारो पेजरचे स्फोट झाले, तेव्हा अनेक तरुणांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. त्यांच्या आईवडिलांच्या कमरेच्या पट्ट्याला मात्र हीच डबी मोठ्या ऐटीत लटकत असे.

पेजर चालायचा कसा?

निरोप देणारा कंपनीला फोन करी, ऑपरेटर तो निरोप टाइप करी आणि मनोरे तो सगळीकडे एकदमच सोडत. ज्याचा संकेतांक जुळे, त्याचाच पेजर वाजे. तुम्ही कुठे आहात, हे यंत्रणेला ठाऊकच नसे. त्याची गरजही नसे. म्हणूनच एका पेन्सिल सेलवर पेजर आठवडेच्या आठवडे चाले. उत्तर द्यायचे तर मात्र पिवळ्या पाटीचा पीसीओ शोधावा लागे. सेवा शहरापुरती, पुण्याकडून परंदवडीसारख्या मावळातील गावी निघालेल्याला मनोरा मागे पडला की डबी मुकी.

मग हरला कशामुळे?

मोबाइल वरचढ होता, हे अर्धेच उत्तर. भारतात दोन्ही सेवा १९९५च्या सुमारास सुरू झाल्या. पण मोबाइलवर बोलायला मिनिटाला १६ रुपयांपर्यंत मोजावे लागत आणि आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडत. त्यामुळे निरोप पेजरवर घ्यायचा आणि गरज असेल तरच फोन करायचा, हा साधा व्यवहारी हिशेब होता. १९९९च्या दूरसंचार धोरणानंतर दर उतरले, एसएमएस आला आणि २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले. पेजरच्या हिशेबाचा पायाच उखडला. मोटोरोलाने त्याआधीच पेजर बनवणे थांबवायचे ठरवले होते. जपानमध्ये शेवटची सेवा २०१९ मध्ये बंद झाली.

आज त्याची आठवण का काढायची?

२०२३ मध्ये दूरसंचार विभागाने आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा असंख्य फोन एकाच वेळी किंचाळले. तत्त्व पेजरचेच : एक निरोप, सर्वांना, एकाच वेळी, उत्तराची अपेक्षा नाही. हजारो लोक एकदम फोन करू लागले की जाळे तुंबते, पण असा इशारा तरीही पोहोचतो. पवना धरणातून विसर्ग वाढतो किंवा बोरघाटात दरड कोसळते, तेव्हा मावळाला नेमके हेच हवे असते. अडचण एवढीच की वीज गेली आणि मनोऱ्याची बॅटरी संपली, तर हा इशाराही पोहोचत नाही. फाइव्ह-जीच्या जाहिरातींचे फलक लावण्याआधी कंपन्यांनी घाटातल्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या तपासाव्यात, आणि प्रशासनाने ती तपासणी पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी.