ताण आपला, पॅकेज त्यांचे



हल्ली महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाककृती कमी आणि लाइफ कोचच्या जाहिरातीच जास्त दिसतात. एकवीस दिवसांत ताणमुक्ती, पहिले सत्र मोफत, पुढे पॅकेज! गिरगावापासून दादरपर्यंत आपल्या किती तरी लेकी-सुना हे पैसे भरत आहेत. माझे मत स्पष्ट सांगते. बहुतेकींसाठी हा सौदा तोट्याचा आहे, आणि काहींसाठी धोक्याचा.

मी बी.कॉम. झालेली बाई, म्हणून आधी हिशेब. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, त्यासाठी 1992 चा कायदा आहे. लाइफ कोचला आपल्या देशात असा कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. भिंतीवरचे प्रमाणपत्र खासगी संस्थेचे असते. त्यातली सर्वांत नावाजलेली आंतरराष्ट्रीय संस्था 1995 साली अमेरिकेत थॉमस लिओनार्ड यांनी सुरू केली. ते गृहस्थ मूळचे आर्थिक सल्लागार, म्हणजे आमच्याच कॉमर्सच्या गल्लीतले! आणखी एक गंमत पाहा. डॉक्टरांच्या उपचारांच्या बिलावर जीएसटी नाही. नोंदणी असलेल्या कोचच्या बिलावर मात्र 18 टक्के लागतो. ही आरोग्यसेवा नाही, हे सरकारी करखात्यालासुद्धा कळते. आपल्याला का कळू नये?

आता धोक्याचे. माझ्या नात्यातल्या एका सुनेला बाळंतपणानंतर झोप येईना, बाळाला जवळ घ्यावेसे वाटेना. घरच्यांनी कौतुकाने तिला एका कोचचे पॅकेज घेऊन दिले. रोज सकाळी वहीत दहा चांगल्या गोष्टी लिहायच्या, "नकारात्मक" बोलायचे नाही. बिचारीने तीन महिने वही भरली आणि वाळत गेली. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले, तेव्हा कुठे तो आजार आहे हे कळले. आज ती बरी आहे. पण त्या तीन महिन्यांत तिला वाटत होते की मीच कमी पडते आहे, मलाच आनंदी राहता येत नाही. फीपेक्षा हे नुकसान मोठे. ताण गेला तर कोचची किमया, नाही गेला तर तुमचा "माइंडसेट" चुकीचा! असा धंदा ज्याला कधीच खोट येत नाही, त्याच्याकडे मी तरी संशयाने पाहते.

शिवाय ताणाला कारण असते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याचे दुकान बसलेले, इमारत पुनर्विकासाला गेलेली आणि भाड्याचे चेक थकलेले. यातले काय दीर्घ श्वासाने सुटते? परळ-लालबागच्या खानावळवाल्या आठवा. गिरणी कामगारांचे डबे करून घर चालवणाऱ्या त्या बाया वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जाखाली पिचलेल्या होत्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना एकत्र आणले, बँकेकडून कर्ज मिळवून दिले. "सकारात्मक विचार करा" असे सांगून त्यांना घरी पाठवले नाही. कारणालाच हात घातला.

कोणी म्हणेल, सगळेच कोच काही लबाड नसतात. मान्य. नोकरी बदलायची आहे, कामाची शिस्त लावायची आहे, अशांना एखाद्या अनुभवी माणसाचा उपयोग होत असेल. पण ती झाली व्यवसायाची सल्लामसलत. तिला मनाच्या दुखण्यावरचे औषध म्हणून विकू नये, एवढेच माझे म्हणणे.

आणि आपल्या घरात काय कमी आहे? तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. नकोसे पदरी पडल्याची तळमळ, हवेसे दुरावल्याची तळमळ, वेदनेचीच घोकणी आणि पुढच्या सुखाची हाव, म्हणजे निदान. आपण ज्याला ताण म्हणतो तो बराचसा यातच बसतो. कोचमंडळी मात्र भिंतीवर बंगल्याचे आणि गाडीचे चित्र लावून रोज त्याचे चिंतन करायला सांगतात. म्हणजे चौथा प्रकार पैसे घेऊन शिकवतात! त्यापेक्षा अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक काय वाईट? मोबाइल बाजूला, तोंड बंद, कोणाचे देणेघेणे नाही. फी शून्य.

पण हेही ठणकावून सांगते, सामायिक हा आजारावरचा उपचार नव्हे. मधुमेहाला आपण गोळी घेतो ना? तसेच हे. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली, सतत रडू येत असेल, तर डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे, माफक खर्चात तपासतात. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक 2022 पासून चालू आहे. फोन मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. "लोक काय म्हणतील" म्हणून महागड्या कोचचा आडोसा घेऊ नका.

सासवांनो, शेवटचे तुम्हाला, म्हणजे आपल्याला. सुनेला पॅकेज भेट देण्याआधी आठवड्यातून दोन संध्याकाळी चौविहाराआधीचा स्वयंपाक आपण करावा आणि मुलाला भांडी आवरायला लावावीत. मग महिन्याने तिला विचारा, अजून कोच हवा आहे का?