पेटी बंद झाल्यावर

हायवेवरून जाताना कंटेनरच्या गाड्या आपण सगळेच पाहतो. निळे, तांबडे, तपकिरी लांबलचक डबे. त्यातच मधूनच एखादा पांढराशुभ्र डबा दिसतो आणि त्याच्या एका टोकाला एसीसारखं यंत्र बसवलेलं असतं. हा ‘रीफर’, म्हणजे चाकांवरचा फ्रिज. जानेवारी ते एप्रिलच्या दिवसांत नाशिकहून मुंबईच्या दिशेनं येणारा असा डबा दिसला, तर आत द्राक्षं असण्याची शक्यता मोठी.

माझ्या मामांची निफाड तालुक्यात बाग आहे. २०२४ च्या हंगामात त्यांचा माल एका निर्यातदारामार्फत नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात गेला. मामांनी मला कंटेनरचा नंबर पाठवला आणि म्हणाले, “बघ गं जरा, कुठवर पोचलाय ते.” नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे कुणी लिहिताना चूक केली की संगणक लगेच पकडतो. हा नंबर फोनवर टाकला की डबा कुठे आहे ते दिसतं. पुढचे दीड महिने मी तो रोज टाकत होते. त्या नादात हा सगळा धंदा थोडाफार समजला.

पहिली गोष्ट अशी की, रीफर माल थंड करत नाही, थंड असलेला माल थंड ठेवतो. म्हणून द्राक्षं तोडल्यावर पॅकहाउसमध्ये आधी प्रीकूलिंगला जातात, शून्य अंशाच्या आसपास आणली जातात, मगच डब्यात भरतात. डब्याची जमीन खाचाखाचांची असते. त्यातून थंड हवा खालून वर येते. आत भिंतीवर एक रेघ असते, तिच्यावर खोकी रचायची नाहीत, नाहीतर हवा फिरत नाही. एका चाळीस फुटी डब्यात साधारण १३ टन द्राक्षं मावतात.

रिकामा डबा जहाज कंपनीचा. तो मिळवून देणारा, जहाजावर जागा बुक करणारा फॉरवर्डर वेगळा. कस्टमचे कागद करणारा एजंट वेगळा, ट्रेलरवाला आणखी वेगळा. माल भरला, दार लावलं, सील ठोकलं की तिथून पुढे वाटेतल्या कुणालाही आत काय आहे ते दिसत नाही. सगळा व्यवहार बंद पेटीवर आणि कागदावर चालतो. जहाज कंपनी जी पावती देते ती ‘बिल ऑफ लेडिंग’. तीवर मालाच्या वर्णनाआधी एक मजेदार शब्दप्रयोग असतो, ‘सेड टु कंटेन’. मराठीत सांगायचं तर, ‘आत अमुक आहे असं पाठवणारा म्हणतो’. आम्ही पाहिलेलं नाही!

पण या कागदाची किंमत मोठी. तो ज्याच्या हाती, त्याला मालाचा ताबा मागता येतो. बँक याच कागदावर पैसे देते. आपल्याकडे यासाठीचा कायदा १८५६ सालचा होता, तो थेट २०२५ मध्ये बदलला.

नाशिकहून उरणजवळचं न्हावा शेवा बंदर सुमारे २०० किलोमीटर. वाटेत ट्रेलरवरचा जनरेटर यंत्राला वीज पुरवतो. बंदरात नंबर आणि सील तपासतात आणि डब्याचा प्लग लावून ठेवतात. प्रत्येक भरलेल्या डब्याचं वजनही आधी जाहीर करावं लागतं. २०१६ पासून जगभर हा नियम आहे, कारण खोट्या वजनानं जहाजाचा तोल बिघडतो. मग क्रेन डबा उचलते आणि नकाशाप्रमाणे जहाजावर ठेवते. जड डबे शक्यतो खाली, आधी उतरायचे ते वर, रीफर तिथे जिथे प्लग आहे. डब्याच्या चारही कोपऱ्यांची ठेवण जगभर सारखीच असल्यामुळे हे काही मिनिटांत होतं. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्यानं ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ डबे न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले, तिथून ही पद्धत रुळली. त्याआधी हमाल एकेक गोणी चढवत, आणि जहाज कित्येक दिवस धक्क्यालाच उभं राही.

इथवर सगळं सुरळीत. खरी गोम समुद्रात होती.

एरवी लाल समुद्र आणि सुएझ कालव्यातून साडेतीन-चार आठवड्यांत माल पोचतो. पण २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून न्यायला सुरुवात केली. दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं तर दुपटीच्याही पुढे गेल्याचं निर्यातदार सांगत होते. फोनवरच्या नकाशात डबा आफ्रिकेच्या पश्चिमेला दिसायचा आणि मामा विचारायचे, “अजून तिथंच का?” द्राक्षं तोडल्यावरही श्वास घेत असतात, थंडीत फक्त सावकाश. दिवस वाढले की आधी देठ तपकिरी पडतात.

रॉटरडॅममध्ये डबा उतरला. तिथल्या काही टर्मिनलवर डबे वाहणाऱ्या गाड्यांना ड्रायव्हरच नसतो. कस्टम, वनस्पती तपासणी, मग आयातदाराचं शीतगृह. तिथे दार उघडलं तेव्हा मणी बरे होते, देठ मात्र बऱ्याच खोक्यांत सुकलेले. सुपरमार्केटचा माल दुय्यम ठरला, भाव उतरला.

आता भरपाई कुणाकडे मागायची? जहाज कंपनीनं यंत्राची नोंद पुढे केली. तापमान सगळे दिवस बरोबर होतं, तिची चूक नाही. विम्याकडे जावं, तर सागरी मालविम्याच्या नेहमीच्या अटींत निव्वळ उशिरामुळे झालेलं नुकसान बसतच नाही. मला वाटलं, निदान माल जहाजावर चढला तेव्हाच तो खरेदीदाराचा झाला असेल ना? पक्क्या सौद्यात तसं असतं. ‘एफओबी’ असो की ‘सीआयएफ’, माल जहाजावर चढला की धोका घेणाऱ्याचा. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विकणारा भरतो, पण धोका तरीही घेणाऱ्याकडे जातो. हे पुष्कळांना उलटं वाटतं. मात्र द्राक्षं बऱ्याचदा पक्क्या सौद्यानं जातच नाहीत. तिथे पोचल्यावर, माल बघून, जो भाव मिळेल तो. त्यातून भाडं, शीतगृह, दलाली वजा होते आणि उरलेलं निर्यातदाराकडे येतं. निर्यातदारानंही मामांशी तसंच ठरवलं होतं, थोडी उचल आणि बाकी पट्टी आल्यावर. म्हणजे एवढ्या साखळीत प्रत्येकानं आपापल्या कागदानं धोका पुढे सरकवला होता, आणि ज्याच्याकडे कागदच नव्हता त्याच्या दारात तो येऊन थांबला.

निर्यातदाराला मी दोष देत नाही, त्याचंही भाडं दुप्पट झालं होतं. पण व्यवहार सुरू होतानाच, भाव कुठे आणि कधी ठरणार, उशीर झाला तर कुणी किती सोसायचं, या दोन ओळी लिहून घेता आल्या असत्या. मामांनी यंदा त्या लिहून घेतल्या आहेत. अडत्याशी तोंडी व्यवहार करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते सोपं गेलं नाही. “विश्वास नाही असं वाटेल की गं समोरच्याला,” असं दोनदा म्हणाले.

रॉटरडॅमला रिकामा झालेला डबा ठरलेल्या मुदतीत परत करावा लागतो, नाहीतर दिवसाला दंड बसतो. परदेशातून घरसामान मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. डबा बंदरात पडून राहिला तर एक दंड, बाहेर नेऊन वेळेत परत केला नाही तर दुसरा. आमचा डबा वेळेत परत गेला असावा. मी त्यानंतरही एकदा नंबर टाकून पाहिला, तर तो कुठल्या तरी दुसऱ्या जहाजावर चढलेला होता.

मामांची पट्टी आली तेव्हा बागेतली खरड छाटणी उरकली होती.