गतीचा अखत्यार

मिटलेली खिडकी एकाएकी नाहीशी न होता आकुंचित होत आपल्या स्थानी गेली, तर ती कोठे गेली हे शोधण्याचे श्रम दृष्टीला पडत नाहीत. याच हेतूने बे-वे चँग आणि डेव्हिड अंगर यांनी १९९३ साली 'सेल्फ' या संगणकभाषेच्या पडद्यावर व्यंगपटांतील तंत्रे योजिली, आणि त्या हेतूविषयी आमचा लेशमात्र विवाद नाही. विवाद आहे तो त्या हालचालीचा अवधी ठरविण्याच्या अखत्याराविषयी.

विंडोज आणि मॅकओएस या प्रणालींत ॲनिमेशन बंद वा कमी करण्याची मुभा आहे, आणि ज्यांना पडद्यावरील हालचालीने घेरी येते त्यांच्यासाठी ती अत्यावश्यकच आहे. परंतु नवशिक्याला मार्ग दाखविणारी जी पाव सेकंदाची हालचाल तीच खिडकी दिवसभर उघडणाऱ्या हिशेबनिसाच्या हातास खोळंबा करते, ती समूळ काढून न टाकता निम्मी करण्याची तजवीज तेथील सेटिंग्जमध्ये नाही. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपने मात्र मंदपासून तत्क्षणापर्यंत सरकणारी एकच पट्टी वापरकर्त्याच्या स्वाधीन केली असून, तिच्यामागील गुणकाने सर्व अवधी एकाच प्रमाणात बदलतात. अँड्रॉइडमध्येही असे गुणक आहेत, पण ते विकसकांच्या पर्यायांत दडवून ठेवावेत, हे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते.

तथापि प्रणालीने गुणक दिला, तरी जो प्रोग्रामर आपल्या कोडात ३०० मिलिसेकंदांचा आकडा कायम करून ठेवतो, त्याच्या खिडकीपर्यंत वापरकर्त्याचा हुकूम पोहोचतच नाही. प्रोग्रामच्या खिडक्या रचण्याच्या क्यूटी या साधनसंचात विजेटच्या ॲनिमेशनचा अवधी स्टाइलला विचारता येतो, आणि उत्तर शून्य आले की ॲनिमेशन नको असा त्याचा अर्थ होतो; तेव्हा तो विचारावा, अंदाजाने लिहू नये. शून्याची चाचणी तर प्रत्येक आवृत्तीपूर्वी व्हावी, कारण ॲनिमेशन संपल्याच्या सिग्नलवर ज्यांनी पुढचे काम टांगून ठेवले आहे, त्यांचा प्रोग्राम ॲनिमेशनच वगळले गेल्यास त्या सिग्नलची वाट पाहत अडून राहतो.

विंडोजमध्ये उपमेनू उघडण्यापूर्वीचा ४०० मिलिसेकंदांचा मूळ विलंब ही हालचाल नव्हे, हाताच्या ओघात चुकून मेनू उघडू नये म्हणून ठेवलेली सवड आहे. असल्या विलंबांना वा लुकलुकणाऱ्या कर्सरला हा गुणक लावू नये. आणि गती कोणतीही असो, खिडकी सरकत असताना दाबलेली कळ वाया जाता कामा नये, मग त्यासाठी चालू ॲनिमेशन अर्ध्यावर तोडावे लागले तरी चालेल.