मदतीचा प्रयोग आणि हिशेब

एखाद्या रुग्णाच्या उपचारासाठी वा शाळेच्या छपरासाठी गावातील हौशी मंडळींनी विनोदी नाटक बसवावे, ही गोमंतकात नवलाची गोष्ट नव्हे. देवळाच्या उत्सवात पदरमोड करून तोंडाला रंग लावणाऱ्यांची ही भूमी आहे. काल्यातील संकासुरावर पोसलेला येथील प्रेक्षक फार्सलाही मनमुराद दाद देतो. अडते ते तिकिटापाशी! उत्सवी नाटक फुकट पाहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यामुळे मदतीच्या प्रयोगालाही पास मागणारे प्रतिष्ठित पुढच्या रांगेत आणि पैसे मोजणारा मागे, असा प्रकार घडतो.

त्याहून गंभीर बाब खर्चाची. नट बिनमोल राबतात. परंतु सभागृहाचे भाडे, प्रकाशयोजना, ध्वनिक्षेपक, रंगभूषा यांचे पैसे रोख द्यावे लागतात. नाटककाराचे मानधनही बुडवता येत नाही. परोपकार दुसऱ्याच्या खिशातून करू नये. पडदा पडल्यावर गरजूच्या पदरात काय पडले, हे मात्र क्वचितच कळते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्व आणि केशवराव भोसले उभे होते. हौशी मंडळींपाशी ते वलय कोठून असणार? गावाचा विश्वास हेच त्यांचे भांडवल. तेव्हा खर्च देणगीदारांकडून आधीच भागवावा, तिकिटांची सारी रक्कम मदतीस द्यावी आणि हिशेब आठवड्याच्या आत देवळाच्या वा पंचायतीच्या फलकावर लावावा. पास कोणालाच देऊ नयेत, वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींनाही!