नाव नको, क्रमांक सांगा

संक्रांतीला नागपूरच्या आकाशात उडणाऱ्या पतंगांपैकी एकाकडूनही माणसाला ओढून नेण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. जगात अन्यत्र मात्र हा खेळ चांगला रूढ आहे. तीन चाकांची, जमिनीलगत बसलेली, बिनइंजिनाची गाडी. तीत बसलेला माणूस हातांनी मोठ्या पतंगाच्या दोऱ्या सांभाळतो आणि पायांनी पुढचे चाक वळवतो. आजच्या स्वरूपातील ही पतंगगाडी न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९०च्या सुमारास प्रचारात आणली. कल्पना मात्र बरीच जुनी. इंग्लंडमधील ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगाने ओढल्या जाणाऱ्या बग्गीचे पेटंट घेतले होते. त्या काळी रस्त्यावरील पथकर जनावरांच्या संख्येवर आकारला जाई. या बग्गीला घोडाच नसल्याने नाक्यावर कर घेता येत नसे, असे सांगतात. व्यापारी वाचकांना पोकॉक यांच्या शोधातील हाच भाग सर्वाधिक आवडावा!

अशी एखादी गाडी परदेशी राहून आलेल्या मुलाबरोबर सदरमधील घरी आली, असे समजू. कोकणात ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या टणक वाळूवर तिच्या चार फेऱ्या झाल्या, की खारे पाणी आणि बारीक रेती आपले काम सुरू करतात. चाक फिरवले की खरखर ऐकू येते आणि मागच्या चाकाचा आस-बोल्ट किंचित वाकलेला दिसतो. मग मुलगा परदेशी निर्मात्याकडून सुटे भाग मागवायला निघतो. वस्तूच्या किमतीइतकाच, कधी त्याहून अधिक, खर्च कुरियर आणि सीमाशुल्कात जातो, शिवाय वाट पाहणे वेगळेच. वडील बाजारात जाऊन ‘पतंगगाडीचे बेअरिंग आहे का?’ असे विचारतात आणि ‘नाही’ हे उत्तर घेऊन परततात.

दुकानदार खोटे बोलत नाही. त्या नावाची वस्तू त्याच्याकडे खरोखरच नसते. बेअरिंगच्या व्यवहारात नावाला किंमत नाही, ती क्रमांकाला आहे. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक पुसून वाचावा. समजा, तो ६२०२ आहे. पहिला ६ म्हणजे एका रांगेत गोळ्या असलेले, खोल खाचेचे साधे बेअरिंग. पुढचा २ त्याच्या बाह्य आकारमानाची श्रेणी सांगतो. शेवटचे दोन अंक आतल्या छिद्राचे: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, ०४ पासून पुढे सरळ पाचाने गुणावे. म्हणून ६२०२ चे छिद्र १५, बाहेरचा व्यास ३५ आणि जाडी ११ मिलिमीटर. स्वीडनमध्ये घडलेले असो, जपानमध्ये असो की जयपूरमध्ये, ही मापे बदलत नाहीत. हेच ६२०२ आपल्या छताच्या पंख्यात आणि लहान मोटारींत फिरत असते. परदेशी गाडीचा ‘दुर्मीळ’ भाग सदरपासून इतवारीच्या लोहा ओळीपर्यंतच्या फेरीत सापडू शकतो, तो या क्रमांकामुळे.

क्रमांकानंतरची अक्षरेही लिहून घ्यावीत. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे, २आरएस म्हणजे रबरी सील. वाळूत चालणाऱ्या चाकाला रबरी सीलच हवे. हेच सील एक कंपनी डीडीयू म्हणून लिहिते, दुसरी एलएलयू म्हणून. अक्षरे वेगळी दिसली म्हणून माल परत करण्याचे कारण नाही. गंजाने क्रमांक गेलाच असेल, तर व्हर्नियर कॅलिपरने छिद्र, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे घ्यावीत.

येथे एक खोच आहे. काही देशांत अद्याप इंची मापे चालतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या बेअरिंगमध्ये १२ मिलिमीटरचा बोल्ट सहज जातो आणि काम झाल्यासारखे वाटते. परंतु उरलेल्या ०.७ मिलिमीटरच्या फटीत बोल्ट प्रत्येक धक्क्याला आपटत राहतो. अशा वेळी पत्र्याची पट्टी गुंडाळून फट भरणे ही काटकसर नव्हे. अर्ध्या इंचाच्या बेअरिंगलाही स्वतंत्र क्रमांक असतो, उदाहरणार्थ आर८. तो मागावा, किंवा बोल्ट आणि बेअरिंग दोन्ही मिलिमीटरचे करून घ्यावेत.

बेअरिंग खराब झाले तर गाडी कुरकुरते. बोल्ट तुटला तर चाक निघते आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर वेगाने जाणारा माणूस फेकला जातो. म्हणून खरी दक्षता बोल्टच्या खरेदीत हवी. पुढचे चाक चिमट्यात दोन्ही बाजूंनी धरलेले असते. मागची चाके मात्र अनेक गाड्यांत एकाच बाजूने धरलेल्या बोल्टवर तोललेली असतात, त्यामुळे सारा भार त्याला वाकवू पाहतो. बोल्टच्या डोक्यावरील अंक पाहावा. ८.८ याचा अर्थ असा, की तो प्रति चौरस मिलिमीटर ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसतो आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, कायमचा वाकू लागतो. साध्या ४.६ बोल्टची हीच मर्यादा २४० आहे. दोन्ही एकाच खोक्यात ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. चकचकीत स्टेनलेस बोल्ट अधिक मजबूत असतो, हा तर जुना गैरसमज. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची मर्यादा ४५० आहे. तो सहजासहजी गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. शिवाय बेअरिंग बोल्टच्या गुळगुळीत भागावर बसले पाहिजे, आट्यांवर नव्हे; आट्यांच्या खाचेतूनच तडा सुरू होतो. लांबीला बसतो म्हणून पूर्ण आट्यांचा गज कापून देणाऱ्या विक्रेत्याने ग्राहकाचे काम केलेले नसते.

या व्यवहारात विक्रेत्याला फार काही सुटत नाही. तीन चाकांची सहा बेअरिंगे आणि दोन-तीन बोल्ट, एवढीच ही विक्री. तरीही ‘कशासाठी हवा?’ हा प्रश्न बोल्ट देताना विचारणारा दुकानदार पुन्हा आठवतो. बनावट बेअरिंगांबाबतही हेच. प्रसिद्ध कंपनीचे खोके, छपाई पुसट, भाव निम्मा आणि बिल द्यायला टाळाटाळ, हे सारे एकत्र आले तर माल तेथेच ठेवावा. बेअरिंगचे एचएसएन शीर्षक ८४८२ आणि बोल्टचे ७३१८. या दोन ओळी पक्क्या बिलावर असल्या, की तक्रारीला आधार राहतो.

जुने बेअरिंग काढताना दोन बेअरिंगांच्या मधली लहान नळी बहुधा खाली पडते आणि कचऱ्यात जाते. ती जपावी. तीच नट आवळल्याचा दाब एका आतल्या कडीवरून दुसरीवर नेते; ती नसेल तर नट घट्ट करताच गोळ्या बाजूने दाबल्या जातात आणि नवे बेअरिंग लवकरच निकामी होते. हरवलीच तर लेथवाल्याकडून त्याच लांबीची करून घ्यावी. हबमध्ये नवे बेअरिंग बसवताना दाब बाहेरच्या कडीवर द्यावा, आतल्या कडीवर हातोडी मारू नये. नायलॉनचा नट प्रत्येक वेळी नवा घ्यावा आणि पहिल्या फेरीनंतर चाक हाताने हलवून पाहावे.