गाव उठलं की मतही उठतं



शहरातले पुढारी म्हणतात, "एक माणूस, एक मत. जिथं लोक जास्त, तिथं जागा जास्त. यात अन्याय कसला?" ऐकायला बरोबर वाटतं. पण गावची माणसं शहरात कायले गेली, हे ते सांगत नाहीत.

२००१ च्या जनगणनेवरून २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली. राज्याचे आमदार २८८ च राहिले. मुंबईचे ३४ चे ३६ झाले, विदर्भाचे ६६ चे ६२. खासदार ११ होते, १० झाले. शेताला पाणी नाही, हाताला काम नाही, म्हणून वऱ्हाडातला माणूस पुण्या-मुंबईला गेला. त्याच्यामागून आमदारकी गेली. आमदारकीमागून निधी जातो आणि निधी गेला की आणखी माणसं जातात.

राज्याराज्यांतही हाच वाद आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर थांबवली, ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. दक्षिणेतली राज्यं विचारतात, आम्ही लोकसंख्या आवरली, त्याची शिक्षा आम्हाला का? प्रश्न रास्त आहे. मग आपणही विचारू : ज्यांनी जंगल राखलं, त्यांचाच आवाज का घटावा?

आपलं तर दुहेरी नुकसान आहे. मेळघाट मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव आहे. धारणी-चिखलदरा पाचव्या अनुसूचीत आहे, तिथं पेसा कायदा लागू आहे. व्याघ्र प्रकल्पासाठी केलपाणी, गुल्लरघाट, धारगड ही गावं उठवून खाली अकोट भागात आणली. अकोट मतदारसंघ राखीव नाही. अकोला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. म्हणजे घर, वावर, जंगल गेलंच. पेसाची ग्रामसभा गेली आणि राखीव जागेचं मतही गेलं. मोबदल्याच्या कागदावर याची किंमत कोनं लिहिली?

कोणी म्हणेल, "राखीव आमदार असून तरी आपल्याले काय भेटलं?" बोलणं खरं आहे. आमदार आपला राहावा म्हणून ग्रामसभा जागी लागते. पण खुर्चीच गेली, तर जाब कोणाला विचारणार?

म्हणून आतापासून तीन कामं धरा.

१) जनगणनेवाला आला की एकही ढाणा सुटू देऊ नका. जमातीचं नाव बरोबर लिहिलं का, पहा. राखीव जागा जमातीच्या लोकसंख्येवरच ठरतात.

२) फेररचनेचा मसुदा निघाला की आयोगाची जाहीर सुनावणी होते. नुसती डोकी मोजू नका, डोंगर, रस्ते, दळणवळणही पहा, असं २००२ चा कायदाच सांगतो. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहा आणि ठराव घेऊन सुनावणीला जा. आदेश निघाल्यावर मोर्चा काढून उपयोग नाही.

३) उठवलेली गावं अनुसूचित क्षेत्रात घ्या, ही मागणी प्रत्येक निवेदनात पहिली लिहा.

मेंढा-लेखाच्या लोकांनी सांगितलंच आहे : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार! यातलं दुसरं आपल्या हातात आहे. पहिलं हातातून सुटू देऊ नका.